चार आण्यांचा गेंडा

शाळेत बाईंनी वहीवर लाल शाईनं ‘व्हेरी गुड’ लिहिलं की आमची आई ती वही घेऊन वाड्यातल्या तिन्ही बिऱ्हाडांत फिरून यायची. त्यामुळे व्हेरी गुड म्हणजे फार चांगलं, हा माझा समज चाळिशीपर्यंत शाबूत होता. मग मला जुन्या रेकॉर्डी घ्यायचा नाद लागला. पहिली ‘व्हेरी गुड’ रेकॉर्ड कुरियरनं घरी आली. लावली, तर आत कुणीतरी पापड तळत होतं. पापडांच्या मागं, दोन खोल्या सोडून, एक बाई गात होत्या. विकणाऱ्याला फोन केला. तो अगदी शांतपणे म्हणाला, “सर, व्हेरी गुडच आहे ती. चांगली हवी होती तर निअर मिंट घ्यायची.”

तेव्हा कळलं की या धंद्यात मालाची प्रत सांगायची एक पट्टी आहे. ‘गोल्डमाइन’ नावाच्या अमेरिकी मासिकानं ती रूढ केली आणि आता जगभरचे घेणारे-विकणारे तीच, नाहीतर तिचीच एखादी बहीण, वापरतात. वरून खाली उतरायचं तर मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड, फेअर आणि पुअर. मिंट म्हणजे टांकसाळ. नुकत्याच पाडलेल्या नाण्यासारखी करकरीत रेकॉर्ड ती मिंट. हा शेरा शहाणी माणसं सहसा देतच नाहीत, कारण रेकॉर्ड मिंट आहे का हे बघायला ती पाकिटातून काढावी लागते, आणि काढली की ती मिंट राहत नाही. आमच्या आजीच्या पैठणीचं असंच होतं. ती इतकी चांगली होती की ती कुणी नेसलेलं कुणीच पाहिलं नाही.

किमतीचं गणित आणखी मजेदार. निअर मिंट शंभर रुपयांची धरली तर व्हेरी गुड प्लस पन्नासची, व्हेरी गुड पंचवीसची आणि गुड दहा-पंधराची. म्हणजे पोराला शंभरात पंचवीस मार्क पडले आणि बाईंनी प्रगतिपुस्तकावर लिहिलं, व्हेरी गुड. ज्याला बारा पडले तो गुड. या पट्टीवर आमची अख्खी दहावी ‘ड’ तुकडी गुणवत्ता यादीत आली असती.

खरं तर ही भाषा आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. “भाजी वेगळी झालीय हं आज,” असं पाहुणा म्हणाला की यजमानीण काय ते समजते. “मुलगा हुशार आहे, पण अभ्यास करत नाही,” हे व्हेरी गुड प्लसचं शुद्ध मराठी भाषांतर आहे. “घर जुनं आहे, पण उजेड भरपूर,” म्हणजे गुड. उजेड कौलांतून येतो. फरक एवढाच की आपण हे तोंडी बोलतो आणि वेळ आली की ‘मी असं म्हणालोच नाही’ म्हणतो. गोऱ्या लोकांनी ते छापून ठेवलं.

पुढं मी या विद्येत तयार झालो. रेकॉर्ड कडांना आणि मधल्या लेबलाला धरायची, खाचांना बोट लावायचं नाही, दिव्याखाली तिरपी करून बघायची. केसाएवढे ओरखडे दिसतात, ते बहुधा वाजत नाहीत. जो ओरखडा नखाला लागतो तो कानालाही लागतो. मग मधल्या भोकाभोवती बघायचं. तिथं कोळ्याच्या जाळ्यासारख्या पुसट रेघा असल्या तर मालकानं अंधारात, घाईत किंवा रंगात येऊन रेकॉर्ड लावलेली असते. मधली खुंटी सापडेपर्यंत ती लेबलावर चाचपडत फिरलेली असते. शेवटी पाकिटाच्या शिवणी, बुरशी आणि वास. कोकणातली रेकॉर्ड मी आता डोळे मिटून ओळखतो. पिशवीत टॉर्च, भिंग, मऊ फडकं आणि डिस्टिल्ड वॉटरची बाटली असते. स्पिरिटचा बोळा जुन्या लाखेच्या तबकडीवर चुकूनही फिरवायचा नाही, लाख विरघळते, हेही मी शिकलो. एक तबकडी घालवून शिकलो.

हिच्या आईकडच्या मंडळींना मी हे सगळं एकदा सविस्तर सांगितलं. मामांनी विचारलं, “आणि गाणी कधी ऐकता?”

तर असा मी. आमच्या सोसायटीत रंगकामाला आलेला एक मुलगा जिन्यातून पिशवीभर रेकॉर्डी वर नेताना मला बघून थांबला. “काका, असल्या आमच्या आबांकडं ट्रंकभर हायेत. लग्नात लावायचे ते.” तो भोंगवलीचा. भोर तालुक्यातली भोंगवली. गावाच्या नावाचा आणि भोंग्याचा काही संबंध असेल असं मी म्हणत नाही. पण मला त्या क्षणी तो दैवी संकेत वाटला, आणि नाद लागलेल्या माणसाला संकेत फार लवकर मिळतात.

रविवारी सकाळी निघालो. खरं तर रविवार हा पुण्यात जुन्या बाजाराचा वार. बुधवारी आणि रविवारी तिथं गंजलेले पाने, बिनकाट्यांची घड्याळं आणि अधूनमधून एखादी रेकॉर्ड मिळते. पण तिथले विक्रेते आता माझा चेहरा ओळखतात. मी लांबून दिसलो की किंमत वाढते. त्यापेक्षा कात्रजचा बोगदा, खेड-शिवापूरचा टोलनाका, कापूरहोळ, किकवी असं करत महामार्ग सोडून आत वळलेलं बरं. मनात एकच चित्र होतं. खेड्यातली ट्रंक, चाळीस वर्षं न उघडलेली, आत पाकिटातल्या कोऱ्या रेकॉर्डी, आणि त्यांची किंमत ठाऊक नसलेला एक भोळा म्हातारा. संग्राहकाच्या स्वप्नात कायम एक भोळा म्हातारा असतो. प्रत्यक्षात मी तो अजून पाहिलेला नाही.

आबा ऐंशीच्या घरातले. पांढरी टोपी, बंडी, आणि कानामागं हात न धरता ऐकू येण्याइतका खणखणीत आवाज. उभी हयात भोंग्याशेजारी गेलेल्या माणसाचा आवाज तसाच होतो. ओसरीवर माझ्यासाठी घोंगडी पसरलेली होती. गोठ्याच्या आढ्याला एक भोंगा टांगलेला होता आणि त्यात चिमण्यांनी घर केलं होतं.

“काय बघनार आधी? भोंगा का रेकॉर्डी?”

“रेकॉर्डी.”

“मंग च्या घ्या आधी. रेकॉर्डी कुटं जात न्हाईत.”

चहा येईपर्यंत आबांनी धंद्याची हकिकत सांगितली. मंडप, गॅसबत्त्या आणि स्पीकर असा तो जोडधंदा. वीज नव्हती तिथं बॅटरीवर. भोंगा गावातल्या सगळ्यात उंच झाडाला बांधायचा, म्हणजे शिवारापलीकडच्या वाडीलाही कळतं की लग्न आहे; मग ज्याला बोलावलं नाही तोही रागवायला वेळेवर येतो. सकाळी भक्तिगीतं, हळदीला वेगळी, अक्षतांना सनई, पंगतीला जरा ठेक्याची आणि वरातीला विचारू नका. ‘सोंगाड्या’ 1971चा, ‘पिंजरा’ 1972चा, ‘पांडू हवलदार’ 1975चा. पण आबांचं कॅलेंडर वेगळं होतं. “पिंजरा आला त्या साली दुष्काळ व्हता. लग्नं कमी, पर जेवढी झाली तेवढ्यात पिंजराच.” त्याच 1975चा ‘शोले’. त्याच्या गाण्यांपेक्षा संवादांची रेकॉर्ड जास्त चालली. ती आबा पंगतीला लावायचे. गब्बर भोंग्यातून माणसं किती होती असं दरडावून विचारायचा आणि आत आचारी भाताच्या पातेल्यात डोकावायचा.

लोक या रेकॉर्डींना ‘कुत्र्याची’ म्हणायचे. लेबलावर कर्ण्यासमोर मान तिरकी करून बसलेला तो कुत्रा म्हणजे निपर. फ्रान्सिस बॅरोड या चित्रकारानं मुळात त्याच्यापुढं दुसऱ्याच बनावटीचं, नळकांड्यावर वाजणारं यंत्र काढलं होतं. ग्रामोफोन कंपनीनं 1899मध्ये चित्र घेताना सांगितलं, यंत्र आमचं काढा, कुत्रं राहू द्या. तीन वर्षांनी, 1902च्या नोव्हेंबरात, कंपनीचा माणूस फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात येऊन गौहरजानचं गाणं मुद्रित करून गेला. त्या तबकड्या लाखेच्या. लाख आपल्याकडची, पण छपाई जर्मनीत, हॅनोव्हरला. आपलीच लाख सातासमुद्रापार जाऊन गाणं होऊन परत यायची आणि आपण तिचे पैसे मोजायचे. 1908मध्ये कलकत्त्यात सियालदाला कारखाना निघाला, नंतर डमडमला. लाखेची तबकडी हातातून पडली की गाण्याचे तुकडे. अमेरिकेत 1948 साली कोलंबियानं व्हिनाइलची एलपी काढली, पुढच्या वर्षी आरसीएनं 45ची छोटी तबकडी. या छोटीनं, म्हणजे ईपीनं, आपल्याकडं लग्नाचे मांडव जिंकले. चार गाणी, दोन एका बाजूला, सात इंचांचं अंग, आणि पडली तरी फुटत नाही. वरातीत पडण्यासारखं पुष्कळ असतं.

ही सगळी माहिती मी आबांना सांगितली. आबा म्हणाले, “आसंल.”

मग ट्रंक उघडली.

स्वप्नातली पाकिटं नव्हती. एकाही रेकॉर्डीला मूळचं पाकीट नव्हतं. वर्तमानपत्र, लग्नपत्रिका, खताच्या गोणीचा तुकडा, जे हाताला लागलं त्यात त्या गुंडाळलेल्या. आणि प्रत्येक लेबलावर लाल ऑइल पेंटनं, ब्रशनं, ठसठशीत अक्षरं. ‘हळद’. ‘पंगत’. ‘वरात’. एका लेबलावर नुसतं ‘नको’.

लेबलावर लिहिलेलं असलं की जागतिक पट्टीवर प्रत उतरते. शाईनं नाव असलं तरी नाकं मुरडतात. इथं तर ऑइल पेंट होता. पण विचार करा, ज्या राज्यात लग्नात आलेल्या वाटीवरही देणाऱ्याचं नाव आणि तारीख खोदून घेतात, तिथं रेकॉर्ड बिनानावाची कशी राहील? कोरं लेबल म्हणजे बेवारशी माल. तरी मी खिशातून वही काढली आणि प्रत्येकीला अर्धा दर्जा कमी करत गेलो. टॉर्च लावला, भिंग लावलं. खाचा काळ्या राहिल्याच नव्हत्या. त्या राखाडी झाल्या होत्या, नांगरून उन्हात टाकलेल्या ढेकळांसारख्या.

आबा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “काय शोधताय?”

“ओरखडे.”

“शोधताय कशाला? समोर तर हायेत.”

मी त्यांना पट्टी समजावून सांगितली. मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड. आबांनी ती मन लावून ऐकली आणि मग आपली सांगितली. तिच्यापुढं गोल्डमाइनवाल्यांनी मासिक बंद करून भोंगवलीला शिकायला यावं.

ट्रंकेच्या कोपऱ्यात तंबाखूची एक रिकामी डबी होती. तिच्यात नाणी. रेकॉर्ड उडायला लागली, म्हणजे पिन एका खाचेतून दुसरीत घसरायला लागली, की आबा प्लेअरच्या दांडीवर, पिनेच्या बरोबर वर, नाणं ठेवायचे. नवी रेकॉर्ड बिनपैशाची वाजते. वर्षा-दोन वर्षांत ती पाच पैशांवर येते. ते चौकोनी, अल्युमिनिअमचं, फुंकरीनं उडणारं पाच पैशांचं नाणं. नंतर पाकळ्यांच्या कडेचं दहा पैशांचं. मग चार आणे. मग आठ आणे. त्यामुळे आबांना रेकॉर्डीची प्रत विचारली की ते भिंग मागत नाहीत, सरळ सांगतात. “ही पाच पैशाची. ही धा पैशाची. ही बिनपैशाची. ही चार आन्याची झाली व्हती म्या बंद केलं तवा.”

“आणि आठ आण्यांच्या पुढं?”

“बंदा रुपाया ठेवूनबी उडाया लागली, की ती हिची.” आबांनी घराकडं मान हलवली.

मी आत डोकावलो. आजी ताक घुसळत होत्या. शिंतोडे उडू नयेत म्हणून पातेल्यावर एक ईपी झाकणासारखी ठेवली होती. ईपीची मधली चकती काढली की दीड इंचाचं भोक पडतं, परदेशात ती हॉटेलातल्या मोठ्या यंत्रांत बसावी म्हणून ठेवलेली सोय. त्या भोकातून रवीचा दांडा गेला होता. मिनिटाला 45 फेरे घ्यायला जन्मलेली तबकडी गप बसली होती आणि तिच्या पोटातून रवी गरागरा फिरत होती.

“आजी, ही विकायची?”

“ती कामाची हाय,” आजी म्हणाल्या.

नाणं ठेवायची ही विद्या काही आबांनी शोधलेली नाही. ज्यांच्या ज्यांच्या घरी प्लेअर होता त्यांच्या घरी ती होतीच. पण संग्राहकाला नुसतं ऐकूनही घाम फुटतो. चांगल्या प्लेअरची हिऱ्याची पिन खाचेवर दोनेक ग्रॅमचा भार टाकते, तोही काट्यावर मोजून लावलेला. त्या सुटकेसवजा जुन्या प्लेअरांचा भार आधीच जास्त; वर नाणं. त्यानं उडी थांबते, पण पिन खाच खरवडत जाते, म्हणून पुढच्या लग्नसराईत त्याहून जड नाणं लागतं. पिनेचं तर विचारूच नका. लाखेच्या तबकड्यांच्या काळात पोलादी पिन दर खेपेला बदलायची असा दंडक होता. आबा म्हणाले, “बदलायची की. दर साली.”

मी हळूच किमतीवर आलो. आता आपल्याला माहिती आहे की घासलेला माल स्वस्त. मी लाल अक्षरात ‘अक्षता’ लिहिलेली एक ईपी उचलली. बिस्मिल्ला खाँची सनई. इतकी झिजलेली, की उन्हात धरल्यावरही ती चमकली नाही. माझ्या वहीत मी लिहिलं होतं, फेअर, तेही माणुसकीनं.

“ही केवढ्याला?”

“पाश्शे.”

“पाचशे? आणि ही?” मी एक कोरी करकरीत, तळपणारी एलपी दाखवली. ट्रंकेतली एकुलती एक निअर मिंट. तिच्यावर ‘नको’ लिहिलेलं होतं.

“ती फुकाट न्या.”

मला भोळा म्हातारा सापडल्याचा भास झाला. पण प्रामाणिकपणाचा झटका मला वर्षातून एकदा येतो, तो तेव्हाच आला. म्हटलं, “आबा, उलटं असतं. जी कमी घासली ती महाग.”

आबांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. “साहेब, तुमी बैल घ्याया गेला. खांद्याला जुवाचा घट्टा न्हाय. कातडी कशी मऊ, ल्होण्यासारखी. घ्याल?”

मी गप्प.

“त्यानं काम केलंच न्हाय कदी. तशी ती. ही सनई दोन-अडीचशे लग्नांत वाजली. तुमच्या त्या काय म्हंता, मिंटीनं एक तरी लगीन लावलं का?”

निअर मिंट फुकट का, तेही कळलं. ती इंग्रजी बोलायला शिकवणारी रेकॉर्ड होती. शाळेतल्या गुरुजींनी कुठूनशी मागवलेली, बदली झाल्यावर मागं राहिलेली. एकदा अंधारात आबांनी ती चुकून वरातीत लावली. भोंग्यातून एक साहेब सावकाश, एकेक शब्द सुटा करत, हवापाण्याची चौकशी करायला लागला. लेझीम थांबलं. नवरदेवाचा बाप टोपी सावरत पुढं आला. त्याला वाटलं, कलेक्टर आले. त्या रात्री तिच्यावर ‘नको’ आलं.

मी सनई लावून बघू म्हटलं तर वीज गेलेली. आबा म्हणाले, “लावायची कशाला? म्या सांगतो ना.” आणि त्यांनी डोळे मिटून सनई तोंडानं वाजवायला सुरुवात केली. सुरात होती असं म्हणवत नाही, पण एकेक जागा घेत होते. मध्येच त्यांनी “टक्” असा आवाज केला आणि दोन पावलं पुढच्या जागेवर गेले. परत थोडं, परत “टक्”. “हितं उडती. म्हायती व्हतं सगळ्यास्नी. भटजीलाबी. गेंडा ठेवला की न्हाय उडत.”

“गेंडा?”

आबांनी डबीतून एक नाणं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. पोलादी चार आणे. एका बाजूला गेंडा. 1988 साली हे नाणं आलं तेव्हा आबांचा धंदा उतरणीला लागला होता. गावोगावची पोरं कॅसेटवाला बोलवायला लागली होती, कारण कॅसेट उडत नाही आणि तिच्यावर नाणं ठेवावं लागत नाही. शेवटची दोन-तीन वर्षं ही सनई गेंड्याच्या ओझ्याखाली सरळ वाजली. “पर मला सवय झाल्याली. एकदा भोरात खरे सनईवाले बलावले व्हते एका लग्नात. म्या आपला गिऱ्हाइकासारका बसलो. ती जागा आली आन् माजा हात आपसुक पुडं गेला, आता उडंल म्हून. त्यो सनईवाला माज्याकडं बघाया लागला.”

पाचशेला मी सनई घेतली. मुंबईत 1990पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ आहे, डॉ. सुरेश चांदवणकरांसारख्या माणसांनी तिथं जुन्या तबकड्या ऐकवण्यात आणि त्यांच्या नोंदी ठेवण्यात वर्षं घातली. अशा जाणत्यांपैकी कुणी त्या ओसरीवर असता तर मला हसला असता की शेजारी घोंगडीवर बसून पुढची रेकॉर्ड मागितली असती, हा प्रश्न मी परतताना सोडवत होतो. इंग्रजीची एलपीही घेतली. फुकट होती. फुकट वस्तूची प्रत कायम मिंट.

निघताना आबा म्हणाले, “गेंडा बी न्या. त्याबिगर ती वाजायची न्हाय.”

“किती द्यायचे?”

“चार आने.”

“आबा, 2011च्या जूनपासून चार आणे चलनात नाहीत.”

“म्या कुटं काय म्हनलो? तुमीच इचारलं.”

मी रुपया दिला. बारा आणे परत करायला आबा डबी चाचपू लागले; मी नको म्हटलं. त्यावर त्यांनी घरात वळून ओरडून सांगितलं, “साहेबांनी गेंड्याचा रुपाया दिला गं!” पुण्याची माणसं व्यवहाराला पक्की असतात, हा गावाचा समज मी एका रुपयात मोडला.

घरी आल्यावर आधी निअर मिंट लावली. काय वाजली! एक खरखर नाही, एक टिचका नाही. साहेब माझ्या बैठकीच्या खोलीत समोर बसून विचारत होता, पाऊस पडेल असं वाटतं का. संग्रहातली सगळ्यात स्वच्छ रेकॉर्ड. एकदा वाजवून मी ती कपाटात ठेवली. आबांचा लाल ‘नको’ पुसायचा विचार होता, तो सोडला.

मग सनई. डिस्टिल्ड वॉटरनं दोनदा पुसली, मऊ ब्रश फिरवला. ओंजळभर भोंगवली निघाली. हळदीचा पिवळा कणही असावा, निदान मी तसं धरून चाललो. भार मोजून दोन ग्रॅम लावला. पिन टेकवली. पापड तळणं सुरू झालं, त्याच्या मागून सनई वर आली, आणि बरोबर त्या जागी, टक्. पुढं जाऊन, टक्. तिसऱ्या उडीला ती मागं पडली आणि तिथंच फिरत बसली. तीच दोन पावलं. तीच दोन पावलं.

“अहो, पिन अडकलीय,” आतून आवाज आला. आमच्या घरात हे वाक्य रेकॉर्डपेक्षा मला उद्देशून जास्त वेळा म्हटलं जातं, त्यामुळे मी उठायला वेळ लावला.

रात्री सगळे झोपल्यावर गेंडा काढला. भिंगाखाली धरला. सालाच्या खाली हिऱ्याच्या आकाराची बारीक खूण, म्हणजे मुंबईच्या टांकसाळीत पाडलेला. दहा वर्षं आणि काही लाख रुपये घातल्यावर टांकसाळीतून आलेली पहिली अस्सल वस्तू माझ्या संग्रहात आली होती, आणि तिच्या कडा झिजलेल्या, शिंग बोथटलेलं. पट्टीप्रमाणे व्हेरी गुड. प्लस नाही.

जेमतेम तीन ग्रॅमचं नाणं. दोनात तीन मिळवले की पाच. एवढ्या भाराखाली माझी परदेशी पिन कितपत टिकेल याचा हिशेब केला, हिशेबाची वही बाजूला ठेवली आणि गेंडा दांडीवर बसवला. पापड मागं हटले. सनई सरळ, ताठ निघाली. ती जागा जवळ आली तसा मी खुर्चीत पुढं सरकलो. हात अर्धा उचलला गेला.

उडालीच नाही. ती जागा आली आणि निघूनही गेली, सनई शेवटापर्यंत गुळगुळीत वाजली आणि थांबली.

काहीतरी राहिल्यासारखं वाटलं. मी गेंडा उचलून खिशात टाकला, पिन पुन्हा कडेला नेली आणि पहिल्यापासून लावली.